तगरचं कापड, तेरची माती

(तुळजापूर येथे एका शिक्षकांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाची मुद्रित प्रत)

तुळजापुरात महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुकानोदुकानी कवड्यांच्या माळा टांगलेल्या असतात. आराधी ती माळ गळ्यात घालतात, नवरात्रात पायी आलेल्या बाया परडीत हळदकुंकवाशेजारी कवड्या ठेवतात, आणि त्यात कुणालाच नवल वाटत नाही. नवल वाटावं अशी मात्र ती गोष्ट आहे. कवडी म्हणजे समुद्रातल्या गोगलगाईचं कवच. मालदीव-लक्षद्वीपचा उष्ण समुद्र तिच्यासाठी पूर्वापार प्रसिद्ध. तुळजापूर आहे बालाघाटाच्या माथ्यावर, किनाऱ्यापासून सरळ रेषेत जवळजवळ ३०० किलोमीटर आत. उभ्या जन्मात समुद्र न पाहिलेल्या बाईच्या गळ्यात समुद्रातली वस्तू आली, म्हणजे ती कुणीतरी घाट चढवून आणली होती. एकदा नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या आणली होती.

त्या वाटांचा माग काढायचा तर तुळजापूरहून उत्तरेला जावं लागतं. धाराशिव ओलांडलं की ईशान्येला, तेरणा नदीच्या काठी, तेर नावाचं गाव लागतं. तुळजापूरपासून सरळ रेषेत अंतर ३५ किलोमीटरच्या आसपास. श्रोतेहो, आजचं व्याख्यान त्या गावाविषयी आणि तिथल्या एका लहानशा संग्रहालयाविषयी आहे. त्याचं नाव रामलिंगप्पा लामतुरे शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय.

जगात अशी पुष्कळ गावं आहेत, जी एका धंद्यावर मोठी झाली आणि तो धंदा गेल्यावर मागे राहिली. खाणींची गावं त्यातली सगळ्यात ठळक. आपल्या शेजारच्या कर्नाटकात कोलार गोल्ड फील्ड्स आहे. तिथे माणसं सोन्यासाठी तीन किलोमीटरपेक्षा खोल उतरली, आणि २००१ साली खाण बंद झाली. इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये ब्लेनाव्हन नावाचं कोळशाचं गाव आहे. तिथली बिग पिट ही खाण १९८० साली बंद पडली आणि १९८३ साली संग्रहालय म्हणून उघडली. आजही पाहुण्यांना पाळण्यातून जवळजवळ ९० मीटर खाली नेतात. उतरण्याआधी काडेपेटी आणि बॅटरीवर चालणारी प्रत्येक वस्तू काढून घेतात, कारण खाणीतल्या वायूसाठी केलेले नियम अजून लागू आहेत. आणि वाट दाखवणारा माणूस हा बहुधा खाणीत राबलेलाच असतो. ‘इथे माझा बाप काम करायचा’ असं तो सांगू शकतो.

तेरमध्ये असं सांगणारं कुणी नाही. तिथला धंदा जाऊन दीड हजारावर वर्षं झाली. ज्यांनी तो केला त्यांची नावं नाहीत, वंशावळी नाहीत. आहे ती माती, आणि मातीतून वर आलेल्या वस्तू. म्हणून तेरचं संग्रहालय पाहणं हे बिग पिट पाहण्यापेक्षा अवघड काम आहे. इथे पाहणाऱ्यालाच थोडं वाटाड्या व्हावं लागतं.

धंदा कोणता होता? उत्तर एका परक्या माणसाने लिहून ठेवलं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषक खलाशाने किंवा व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक माहितीवही तयार केली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण बाजारात काय मिळतं आणि काय खपतं यावर त्याची नजर पक्की होती. बारिगाझा म्हणजे आजचं भरूच. तिथून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला १० दिवसांवर तगर हे फार मोठं शहर, असं तो नोंदवतो. पैठणहून रंगीत खडे येतात. तगरहून जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रं येतात. आणि हा सगळा माल वाट नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भरूचला उतरतो. पुढच्या शतकात टॉलेमीच्या भूगोलातही तगरचं नाव आहे.

हे तगर नेमकं कुठलं, यावर एकोणिसाव्या शतकात पुष्कळ वाद झाला. कुणी देवगिरी म्हटलं, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरकडे बोट दाखवलं, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा कौल बीडकडच्या धारूरला होता. १९०१ साली जॉन फेथफुल फ्लीट यांनी तेरणाकाठचं तेर हेच तगर असं मांडलं, आणि हेन्री कझिन्स यांनी तिथे प्रत्यक्ष जाऊन टेकाडं आणि देवळं पाहून ते उचलून धरलं. तेव्हापासून तो वाद जवळजवळ मिटला.

फ्लीट यांचं म्हणणं पटायला फार विद्वत्ता लागत नाही, नकाशा आणि पट्टी पुरते. भरूच ते पैठण सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर. त्याला २० दिवस, म्हणजे दिवसाला साडेसतरा किलोमीटर. पैठण ते तेर सुमारे १५०. त्याला १० दिवस, म्हणजे दिवसाला १५. भरलेली बैलगाडी, मध्ये ओढे-नाले, दुपारी बैल सोडायचे, संध्याकाळी पाण्याजवळ मुक्काम करायचा: ज्याने जुन्या माणसांकडून बैलगाडीच्या प्रवासाच्या गोष्टी ऐकल्या आहेत त्याला हे दोन्ही आकडे लगेच ओळखीचे वाटतील. दिशा तेवढी थोडी चुकली आहे, तेर पैठणच्या आग्नेयेला येतं. पण तो माणूस तेरला आला नव्हताच. भरूचच्या धक्क्यावर त्याने गाडीवानांकडून किंवा दलालांकडून ऐकलं असणार. एका अर्थी ही माहिती आपल्याच गाडीवानांनी दिलेली आहे.

आता संग्रहालयाचं दार ओलांडताना एक गोष्ट मनाशी धरून जावं. ज्या कापडासाठी तगर जगाला ठाऊक होतं, त्यातली एक चिंधीसुद्धा तिथे नाही. सुती कापड आपल्या काळ्या, ओल्या मातीत टिकत नाही. खाणीच्या गावात निदान खाणीचं तोंड उरतं, पाळणा उरतो, मालाचा नमुना उरतो. तगरचा माल तर गेलाच, माग गेले, रंगवणाऱ्यांचे हात गेले. जे उरलं ते त्या मालाच्या पैशातून लोकांनी जे घेतलं, घडवलं आणि पुजलं, ते. मडकी, मणी, शंखाच्या बांगड्या, शिसं आणि मिश्रधातूची सातवाहन नाणी, दिवे, खेळणी, देव. गिरणगावातल्या कामगाराच्या घरात गिरणीचं यंत्र सापडत नाही, पण बायकोचा डबा आणि पोरांची खेळणी सापडतात. तसंच काहीसं हे आहे.

या वस्तू एकत्र आल्या कशा, याची गोष्ट वस्तूंइतकीच मोलाची आहे.

मराठवाड्यात गावाच्या जमिनीला दोन नावं. ज्यात पेरायचं ती काळी आणि ज्यावर राहायचं ती पांढरी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. घरं पडतात, त्यावर घरं उभी राहतात, राख, शेण, चुन्याचे गिलावे, मातीच्या भिंती थरावर थर साचत जातात आणि गावच हळूहळू उंच होतं. ही पांढरी माती माळवदावर घालायला उत्तम, भिंती लिंपायला उत्तम आणि शेताला खत म्हणूनही चांगली. म्हणून जुन्या टेकाडांची माती पिढ्यान्‌पिढ्या खणून गाड्या भरभरून नेली गेली. तेर काही सोन्याची खाण नव्हती, पण अशा अर्थाने खाण होतीच. फावड्यासोबत मूर्तीचं डोकं वर यायचं, मणी निघायचे, पावसाने टेकाडाची कड ढासळली की नाणं दिसायचं. बहुतेकांच्या दृष्टीने तो कचरा. क्वचित नाणं सोनाराकडे जायचं, मणी पोरांच्या गोट्यांत जायचे.

गावात एका माणसाला मात्र तो कचरा वाटला नाही. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच. पुरातत्त्व हा त्यांचा पेशा नव्हता. टेकाडांवरून, शेतांतून, गावकऱ्यांच्या हातून येईल ती वस्तू ते जमा करत गेले. वर्षानुवर्षं हे चाललं आणि संग्रह हजारोंच्या घरात गेला. नंतर तो लामतुरे कुटुंबाकडून शासनाकडे आला आणि त्यातून त्यांच्याच नावाचं, त्यांच्याच गावात, संग्रहालय उभं राहिलं.

यातला ‘त्यांच्याच गावात’ हा भाग पुन्हा म्हणावासा वाटतो. या वस्तू मुंबईला, हैदराबादला, किंवा विकल्या गेल्या असत्या तर परदेशातल्या एखाद्या दालनात जाणं काही अवघड नव्हतं. तिथे त्यांना उजेड चांगला मिळाला असता, खाली सुबक पाटीही मिळाली असती: ‘मृण्मय स्त्रीशीर्ष, दख्खन’. पण तेर या दोन अक्षरांच्या जागी ‘दख्खन’ आलं असतं आणि मूर्ती पोरकी झाली असती. महाराष्ट्रात असं गाव राखणारी माणसं इथेतिथे होऊन गेली. पैठणला बाळासाहेब पाटलांच्या नावाचं संग्रहालय आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, दिवे, अडकित्ते, दरवाजे गोळा करत उभं आयुष्य घालवलं आणि सगळा संग्रह गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने सरकारला देऊन टाकला. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला पोसायडन हा ग्रीक सागरदेव आहे, पंचगंगेच्या काठी सापडला आणि पंचगंगेच्याच गावी राहिला. या सगळ्यांमध्ये तेरचं संग्रहालय आकाराने लहान, पण जागेशी सर्वांत घट्ट बांधलेलं. बाहेर पडून थोडं चाललं की ज्या टेकाडातून त्या वस्तू निघाल्या ते टेकाड पायाखाली येतं.

विद्वानांनीही या संग्रहाची दखल घेतली. १९५८ साली बा. ना. चापेकरांनी तेरला उत्खनन केलं, त्याचा अहवाल १९६९ साली छापला गेला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६० साली ‘तेर’ याच नावाचं पुस्तक काढलं. एका खेड्याचं नाव, दोन अक्षरं, तेवढंच मुखपृष्ठावर.

काचपेटीतल्या एका वस्तूपाशी आता थोडं थांबावं. ती आहे स्त्रीचं डोकं, पांढऱ्या मातीचं. चिनी मातीच्या भांड्यांना लागते त्या जातीची ही माती, केओलिन. दाणा इतका बारीक की बोटाच्या रेषासुद्धा तिच्यावर उठाव्यात. आपल्याकडचा कुंभार चाकावर मडकं उभं करतो. ही मूर्ती चाकावर झालेली नाही. हिच्यासाठी दोन साचे लागले, एक पुढच्या अंगाचा आणि एक मागच्या. दोन्हीत मातीची पातळ पोळी दाबायची, दोन्ही अर्धी काढून कडेला कड जुळवायची, ओल्या बोटाने सांधा पुसायचा आणि मग भाजायचं. मूर्ती आतून पोकळ राहते, म्हणून भट्टीत तडकत नाही आणि माती कमी लागते. पुढून पाहिलं तर केशरचना दिसते: भांग, वेण्या, फुलांचे गजरे, कपाळावर उतरलेला दागिना. बाजूने पाहिलं तर कानामागून मानेकडे उतरणारी एक बारीक रेघ सापडते. ती सांध्याची शिवण. काही तुकड्यांवर ती नीट पुसलेली आहे, काहींवर कारागिराला घाई झालेली दिसते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची घाई इतक्या जवळून दाखवणाऱ्या जागा फार नसतात.

दोन साच्यांची ही पद्धत आणि पांढरी माती पैठण, नेवासे, भोकरदन, तेलंगणातलं कोंडापूर अशा सातवाहन काळातल्या गावांत दिसते. तिच्यामागे रोमन कारागिरीची ओळख असावी असं अभ्यासक मानतात. ती ओळख नाण्यांतूनही दिसते. रोमन सम्राट टायबेरियसच्या नाण्यावरून मातीत उठवलेल्या गोल चकत्या दख्खनमध्ये मिळतात, तेरलाही मिळाल्या आहेत. त्यांना दोरा ओवायला कान किंवा भोक असतं. म्हणजे तो पैसा नव्हे, दागिना. रोमचा बादशहा तेरच्या गळ्यात लटकत होता, आणि तोही सोन्याचा परवडत नाही म्हणून मातीचा. हे विचित्र वाटत असेल तर आपला पुतळीहार आठवावा. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवरच्या आकृतींना आपल्या आज्यांनी ‘पुतळी’ म्हटलं आणि ती गळ्यात ओवली. परक्या राजाचं नाणं आधी विश्वासाचं होतं, मग शोभेचं, आणि शेवटी सवाष्णीचं.

संग्रहातली सगळ्यात नावाजलेली वस्तू मात्र मातीची नाही. ती हस्तिदंताची स्त्रीमूर्ती आहे, उभी, दागिन्यांनी मढलेली. तिची बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८ साली इटलीत, पॉम्पेईच्या उत्खननात, एका घरात सापडली. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. उंची जेमतेम पाव मीटर, दोन्ही बाजूंना छोट्या दासी, आणि डोक्यातून खाली गेलेलं भोक, ज्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या सामानाचा पाय असावी असा अंदाज बांधला जातो. व्हेसुव्हियसचा स्फोट झाला इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे त्याआधी ती तिथे पोचली होती. तिला कुणी लक्ष्मी म्हणतं, कुणी यक्षी. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही १९७३ च्या उत्खननात त्याच घराण्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. पॉम्पेईची मूर्ती नेमकी कुठे कोरली गेली यावर मतं आहेत. तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे, त्यामुळे वायव्येकडचा रस्ताही विचारात घ्यावा लागतो. पण तेर आणि भोकरदनच्या मूर्ती समोर ठेवल्यावाचून तो वाद आज कुणाला करताच येत नाही.

त्याच स्फोटात आणखी एक माणूस गेला. थोरला प्लिनी. रोमन आरमाराचा अधिकारी, ज्ञानकोशकार, ज्वालामुखीच्या दिशेने जहाजं घेऊन गेला आणि परतला नाही. त्याने आपल्या ग्रंथात तक्रार केली होती की हिंदुस्थान दरवर्षी रोमचे ५ कोटी सेस्टर्स ओढून घेतो आणि त्या बदल्यात मिळणारा माल रोममध्ये शंभर पटींनी विकला जातो. ती तक्रार करणारा माणूस आणि ज्या चैनीबद्दल तक्रार होती तिचा एक हस्तिदंती नमुना, दोघांचा शेवट एकाच राखेने केला. तेरच्या शांत दालनात, बाहेर कुणीतरी गुरं हाकत असताना, हे आठवलं की मूर्तीसमोरून पाय हलत नाही. प्लिनीचा हिशोब जिकडे बुडीत खाती होता त्याची दुसरी बाजू, जमेची बाजू, इथे होती. इथल्या विणकरांच्या, गाडीवानांच्या, साचे करणाऱ्यांच्या घरात.

तुळजापूरच्या श्रोत्यांना आणखी एका मूर्तीबद्दल सांगायलाच हवं. तेरला लज्जागौरी सापडल्या आहेत. गुडघे दुमडून, प्रसूतीच्या अवस्थेत बसलेली, मातृत्वाचं आणि सुफलतेचं रूप असलेली देवी. हातावर मावेल एवढी. काही लज्जागौरींना मानवी डोकं नसतं, त्या जागी कमळ असतं. पाहणाऱ्यांपैकी कुणी चटकन नजर वळवतात. त्यांनी वळवू नये. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या ग्रंथात या देवीची मुळं दक्षिणेतल्या भूदेवीच्या, रेणुका-यल्लम्माच्या उपासनेपर्यंत नेऊन दाखवली आहेत. नवरात्रात तुळजापुरात घटाभोवती मातीत धान्य पेरतात, ते उगवून पिवळं-हिरवं होतं, तेव्हा ज्या श्रद्धेने हात जोडले जातात तिचं नातं त्या हातभर नसलेल्या मूर्तीशी आहे. भवानीच्या दारात आलेल्या माणसाने तेरची ही देवी पाहिली तर त्याची भक्ती कमी होणार नाही, तिला खोली येईल.

दालनाच्या एका बाजूला लाकूड आहे. तेरच्या उत्तरेश्वर मंदिराची कोरीव दारचौकट. विटांचं ते मंदिर जुनं, सहाव्या शतकाच्या आसपासचं मानतात, आणि त्या काळातलं लाकूडकाम महाराष्ट्रात जवळजवळ उरलेलंच नाही. लेण्यांत दगड लाकडासारखा कोरलेला दिसतो. इथे खुद्द लाकूडच समोर असतं. गावातलंच त्रिविक्रमाचं मंदिर त्यानंतर पाहावं, तरच चौकटीचा अर्थ लागतो. त्याची मागची बाजू अर्धगोल, वरचं विटांचं छप्पर गाडीच्या टपासारखं वळलेलं, दर्शनी भागी घोड्याच्या नालेसारखी कमान. कार्ल्याचं चैत्यगृह ज्याने पाहिलं आहे त्याला ते ओळखू येईल. मूळ वास्तू बौद्ध चैत्य असावी असं अनेकांचं मत. आज आत त्रिविक्रम विष्णू आहे, पुढे नंतरचा मंडप आहे, आणि पूजा अखंड चालू आहे. आंध्रातल्या चेझर्ल्याचं कपोतेश्वर हे याचं जवळचं भावंड. अशा विटांच्या वास्तू संबंध देशात बोटांवर मोजाव्यात इतक्या.

धंदा गेला तरी तगरचं नाव लगेच पुसलं गेलं नाही. तिसऱ्या शतकात सातवाहन संपले, रोमशी व्यापार आटला. तरीही ६१२ सालच्या चालुक्यांच्या ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगरचा राहणारा आहे. आणि ठाण्याचे, कोल्हापूरचे शिलाहार राजे, ज्यांचं राज्य तेरपासून कितीतरी दूर होतं, स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत राहिले. हातातून गेलेलं गाव बिरुदात जपलं. आपल्याकडे मुंबईत तीन पिढ्या काढलेली माणसं आडनावातून मूळ गाव मिरवतात, तसंच.

मग तेराव्या-चौदाव्या शतकात या गावाला पुन्हा मोठं नाव मिळालं, आणि ते मातीनेच मिळवून दिलं. गोरोबाकाका. तेरचे कुंभार. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा महाराष्ट्रात पोराटोरांना ठाऊक आहे. थापटणं हे कुंभाराचं लाकडी हत्यार. ओल्या भांड्याची भिंत त्याने ठोकून पातळ आणि घट्ट करतात. गोरोबांची समाधी तेरला आहे आणि वारकऱ्यांची पावलं तिकडे वळतात. संग्रहालयातल्या साच्यांतल्या मूर्ती आणि गोरोबांचं थापटणं यांच्यामध्ये हजार वर्षांहून मोठी फट आहे, आणि त्या फटीवर पूल बांधण्याचा मोह आवरावा हेच बरं. एवढं मात्र खरं, की तेरमध्ये ‘माती’ हा शब्द उच्चारला की गावकरी आधी गोरोबांकडे बोट दाखवतो आणि मग टेकाडाकडे.

आता थोडं आजचं. शेत नांगरताना, घराचा पाया खणताना तेरला अजूनही वस्तू निघू शकतात. कायदा जुना आहे, १८७८ चा निखात निधी अधिनियम: दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. पण कायद्याआधी सवय लागते. वस्तू सापडली की ती कुठे, किती खोल, कशाशेजारी सापडली हे लिहून ठेवण्याची सवय. मणी घरी नेला तर तो नुसता मणी. ‘अमुक शेत, नदीकडची बाजू, दोन हात खोल, जळक्या मातीत’ एवढं चिठ्ठीवर असेल तर त्याच मण्यातून घर उभं करता येतं. लामतुऱ्यांनी वस्तू वाचवल्या. पुढच्या पिढीने जागा वाचवायच्या आहेत.

आणि संग्रह दोन हजार वर्षांपूर्वीच थांबवायचं कारण नाही. बिग पिटमध्ये कालपरवाचा शिधापत्रिकेसारखा कागदही जपला जातो. धाराशिव जिल्ह्यात निजामाचा हाली सिक्का अजून कुणाच्या तरी ट्रंकेत आहे, हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या माणसांची पत्रं आहेत, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात पडलेल्या घरांतून काढलेली जाती-उखळं आहेत. दगड-पांढऱ्या मातीच्या ज्या भिंतींनी त्या पहाटे माणसं गाडली, त्या भिंती बांधायची रीत सांगणारे गवंडी आता म्हातारे झाले. त्यांना आज विचारलं नाही तर तगरच्या विणकरांसारखेच तेही निनावी होतील, आणि या खेपेला दोष काळ्या मातीला देता येणार नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे ते गुरुजी मुलांना तेरला न्यायचे. एसटीने धाराशिव, तिथून दुसरी एसटी, डबे सोबत. त्यांचा नियम असा की दालनात शिरल्यावर सगळं पाहायचं नाही. प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची, तिच्यासमोर बसायचं आणि वहीच्या एका पानावर ती काढायची. माहिती नंतर, धर्मशाळेच्या ओट्यावर डबे सोडताना. मुलांची कुरकुर व्हायची, कारण काहींना सगळं भराभर पाहून नदीवर जायचं असायचं. ते म्हणायचे, नदी तुझ्याआधी होती, तुझ्यानंतरही आहे, थांब जरा.

त्यांच्या घरच्यांनी त्यातल्या काही वह्या जपून ठेवल्या आहेत. एका पानावर पांढऱ्या मातीच्या बाईचं डोकं आहे, बाजूने काढलेलं. चित्र काढणारी मुलगी सातवीतली. नाक जरा मोठं झालंय, गजरा मात्र फूल न् फूल मोजून काढलाय. कानामागून मानेपर्यंत तिने एक रेघ ओढली आहे, मध्येच खोडली आहे आणि मग पुन्हा, आधीपेक्षा ठळक, ओढली आहे. त्या रेघेशेजारी तांबड्या शाईत गुरुजींचं अक्षर आहे. ‘शिवण दिसली. बरोबर.’